तिसरे अपत्य आणि लोकसंख्येचा संवेग

दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवण्यास मनाई करणारी तरतूद आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये रद्द केली. त्याच सुमारास तेथील मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी याच्या नेमका उलट विचार बोलून दाखवला होता, तो म्हणजे दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांनाच ही निवडणूक लढवू द्यावी. महाराष्ट्रात मात्र पंचायतींची अट कायम आहे आणि २००५ च्या नियमांनुसार राज्य शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला आजही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते. उत्तर प्रदेशाच्या विधी आयोगाने २०२१ मध्ये तयार केलेला मसुदा याहून पुढे गेला होता. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्या कुटुंबाला शासकीय योजनांचा लाभ नाकारावा आणि शिधापत्रिकेवर चारच माणसांचे धान्य द्यावे, असे त्यात सुचवले होते. हा मसुदा कायद्यापर्यंत पोहोचला नाही. पण ‘दोनच्या पुढच्यांना सरकारने का पोसावे?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र विचारला जातो. प्रश्न नैतिक आहेच. तथापि, त्याच्या मुळाशी ‘लाभ तोडला की लोकसंख्या आटोक्यात येते’ असे एक गृहीतक आहे आणि ते गणिताने तपासून पाहता येते.

आधी सध्याची स्थिती पाहू. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती अपत्ये होतील, याच्या अंदाजाला एकूण जननदर म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, म्हणजे १९९२-९३ मध्ये, भारताचा हा दर ३.४ होता, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.० वर आला. महाराष्ट्राचा दर १.७ आणि गोव्याचा १.३ होता, तर बिहारचा ३.० होता. एक पिढी स्वतःची जागा जेमतेम भरून काढते, त्या पातळीला प्रतिस्थापन पातळी म्हणतात आणि ती ढोबळमानाने २.१ मानली जाते. आई-वडिलांच्या दोन जागांवर हा ०.१ चा वरखर्च लागतो, कारण निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात आणि काही मुली माता होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत. मुलींची गर्भातच हत्या होत असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. महाराष्ट्रात पाचव्या फेरीत जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे ९१३ मुली आढळल्या. त्या प्रमाणाने हिशेब केला, तर येथील प्रतिस्थापन पातळी २.१५ च्या आसपास जाते. मुलगा हवा म्हणून जडीबुटी विकणारे वैदू आणि विशिष्ट तिथीचे सल्ले देणारे ज्योतिषी यांचा धंदा अजून चालतो म्हणून नमूद करायचे, की मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरते आणि ते कोणत्याही मुहूर्ताला विचारून येत नाही.

महाराष्ट्राचा जननदर प्रतिस्थापन पातळीच्या इतका खाली असेल, तर येथील गर्दी वाढताना का दिसते? स्थलांतर हे एक कारण आहेच, परंतु दुसरे कारण अधिक खोल आहे आणि या लेखाचा खरा विषय तेच आहे. शाळेत आपण संवेग शिकलो आहोत. भरधाव मालगाडीला ब्रेक लावला, तरी ती बरेच अंतर कापल्यावरच थांबते. लोकसंख्येलाही असाच संवेग असतो, आणि तो साठलेला असतो समाजाच्या वयोरचनेत.

एक काल्पनिक गाव घेऊ. तेथे कोणी अकाली मरत नाही, सर्व जण पंचाहत्तर वर्षे जगतात, पंचविशीत अपत्ये होतात, गावात कोणी येत नाही आणि गाव सोडून कोणी जात नाही. आजवर प्रत्येक जोडप्याला चार अपत्ये होत आली, म्हणून प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या दुप्पट आहे. पन्नाशी ओलांडलेले १००, मधल्या वयाचे २०० आणि पंचविशीच्या आतले ४००, असे एकूण ७०० लोक गावात आहेत. आता उद्यापासून हे गाव कमालीचे शिस्तबद्ध होते आणि कोणत्याही जोडप्याला दोनपेक्षा अधिक मूल होत नाही. पंचवीस वर्षांनी आजचे १०० वृद्ध गेलेले असतील, २०० जण वृद्ध झालेले असतील, ४०० तरुण मधल्या वयात आले असतील आणि त्यांना ४०० मुले झालेली असतील. एकूण लोकसंख्या १,००० भरते. आणखी पंचवीस वर्षांनी तिन्ही वयोगटांत प्रत्येकी ४०० म्हणजे १,२०० लोक असतील. एकाही घरात तिसरे मूल नसताना गाव ७०० वरून १,२०० वर गेले! ही वाढ कोणाच्या बेजबाबदारपणामुळे झालेली नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेल्यांनी ती आधीच ठरवून ठेवली होती.

या गावाने दोनऐवजी महाराष्ट्राचा १.७ हा दर स्वीकारला, तरी काय होते ते पाहा. पुढची पिढी ४०० ची न होता ३४० ची, त्यानंतरची २८९ ची आणि त्यापुढची सुमारे २४६ ची होईल. एकूण लोकसंख्या ७०० वरून ९४०, मग १,०२९ आणि त्यानंतर ८७५ अशी जाईल. म्हणजे दर प्रतिस्थापन पातळीखाली असूनही पन्नास वर्षे वाढ आणि नंतर उतार. पहिल्या पन्नास वर्षांत ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणून ओरडणारे आणि त्यापुढच्या पंचवीस वर्षांत ‘म्हाताऱ्यांचा देश’ म्हणून ओरडणारे, दोघेही एकाच आलेखाच्या दोन टोकांवर उभे असतात.

हे गणित नेटके मांडण्याचे श्रेय लोकसंख्याशास्त्रज्ञ नेथन कीफिट्झ यांच्याकडे जाते. जननदर एका क्षणात प्रतिस्थापन पातळीवर आणला तरी लोकसंख्या अखेरीस किती पटींनी वाढून थांबेल, याचे सूत्र त्यांनी १९७१ मध्ये दिले. त्याचे सोपे केलेले रूप असे आहे: जन्मदराला सरासरी आयुर्मानाने गुणावे आणि एका पिढीमागे मुलींची संख्या किती पट होते, त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागावे. हजार लोकांमागे वर्षाला ३५ जन्म, साठ वर्षांचे आयुर्मान आणि पिढीगणिक दुपटीची वाढ असे उदाहरण घेतले, तर ०.०३५ गुणिले ६० म्हणजे २.१, त्याला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने भागले की साधारण दीड येते. गुणाकार सरळ आहे. वर्गमूळ मात्र कोठून आले, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचे उत्तर असे, की वाढत्या समाजात जन्मांचा आकडा दर पिढीला त्या पटीने चढत असतो आणि ब्रेक लागला, की जन्म चढणीच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी न स्थिरावता साधारण मधोमध स्थिरावतात. गुणोत्तराने चढणाऱ्या श्रेणीचा मध्य वर्गमूळ देते. ज्यांना हे किचकट वाटले, त्यांनी वरचे गाव लक्षात ठेवले तरी पुरे.

या गणिताने लाभावरील मर्यादेचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. अशी मर्यादा तिसऱ्या आणि त्यापुढच्या जन्मांवरच नेम धरते. आपल्या गावातली ७०० ते १,२०० ही सारी वाढ मात्र पहिल्या आणि दुसऱ्या अपत्यांनी केलेली आहे. तेथे तिसऱ्याचा शिधा कापायचा म्हटला, तर कापायला कोणी सापडणारच नाही.

प्रत्यक्षात तिसरी अपत्ये जन्मतात हे खरे, पण त्यांच्यामागे बहुधा मोह नसून गैरसोय असते. पाचव्या फेरीत स्त्रियांना हव्या असलेल्या अपत्यांवरून काढलेला जननदर १.६ होता आणि प्रत्यक्षातला २.०. म्हणजे इच्छा आधीच दोनच्या खाली उतरलेली आहे. जिला गर्भनिरोधक वेळेवर मिळाले नाही किंवा मुलगा होईपर्यंत थांबू दिले गेले नाही, तिला धान्य बंद करण्याची धमकी देऊन आपण नेमके काय शिकवणार? दरडोई पाच किलो धान्याचा हक्क २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे. तिसरे मूल आईच्या दुधावर आहे तोवर त्याच्या नावचे धान्य घरातील सर्वांच्या ताटात जाते आणि ते बंद झाले, तर घास सर्वांचाच कमी होतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुजी आहे. गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांत झालेली ही झीज पुढे पुरतेपणी भरून निघत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे याच काळातल्या विश्रांतीसाठी आणि पोषणासाठी आहेत. तरीही ती पहिल्या अपत्यापुरती आणि दुसरी मुलगी झाली तरच दुसऱ्यापुरती आहे. मुलीचे स्वागत हा हेतू चांगला आहे, पण तिसऱ्यांदा गरोदर असलेल्या शेतमजूर बाईच्या रक्तातले लोह त्या हेतूने वाढत नाही.

अशा अटींचा अनुभव कसा आहे? निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांतील पंचायतींमधल्या दोन अपत्यांच्या अटीचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पद वाचवण्यासाठी पत्नीला टाकून देणे, मूल दत्तक दिल्याचे दाखवणे, गर्भलिंगनिदान करून गर्भपात करणे असे प्रकार त्यात नोंदवले गेले आणि अटीचा फटका दुर्बल घटकांना अधिक बसल्याचे दिसले. ब्रिटनने ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढील अपत्यांसाठीचा उत्पन्नाधारित भत्ता थांबवला. तेथील संशोधकांना मोठ्या कुटुंबांतील जन्मांत अगदी किरकोळ घट आढळली, तर बालदारिद्र्य वाढल्याची टीका सतत होत राहिली. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा उठवण्याची घोषणा तेथील सरकारला करावी लागली. चीनचे उदाहरण आपल्याकडे हमखास दिले जाते; पण तेथील जननदर १९७० मध्ये सहाच्या जवळ होता आणि एक अपत्याचे धोरण येण्यापूर्वीच, १९७० च्या दशकात, तो तीनच्या खाली घसरला होता, हे सांगायचे राहून जाते.

मग संवेगावर काही इलाज आहे का? आहे, आणि तो अपत्यांच्या संख्येत नसून त्यांच्या वेळेत आहे. पुन्हा आपल्या गावाकडे वळू. प्रत्येक पिढी ४०० ची आणि आयुष्य पंचाहत्तर वर्षांचे आहे. स्त्रिया विसाव्या वर्षी माता होत असतील, तर एका वेळी पाऊणेचार पिढ्या हयात असतील, म्हणजे १,५०० माणसे. पंचविसाव्या वर्षी होत असतील, तर तीनच पिढ्या, म्हणजे १,२००. दोन्हीकडे अपत्ये दोनच आहेत, फरक केवळ पाच वर्षे थांबण्याचा आहे आणि त्याने लोकसंख्या एक पंचमांशाने घटते. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते, हे पाहता येथे करण्यासारखे बरेच काही शिल्लक आहे.

साताऱ्यात २००७ मध्ये हे करून पाहिले गेले. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबवणाऱ्याला ७,५०० रुपये देण्याची योजना तेथील जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आखली. ‘हनिमून पॅकेज’ या खट्याळ नावाने ती ओळखली गेली आणि चर्चा त्या नावाचीच अधिक झाली. शासनाचा पैसा येथेही अपत्यजन्माशी जोडलेला होता. परंतु जोडपे थांबले नाही आणि वर्षभरात पाळणा हलला, तर बक्षीस तेवढे हुकायचे, त्या बाळाची लस किंवा अंगणवाडीतला खाऊ थांबत नव्हता.