हडसनवरचा ‘चमत्कार’ : मागची तीस वर्षं आणि वादातले 35 सेकंद

15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानातले सगळे 155 जण वाचले, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘चमत्कार’ हा शब्द त्याच दिवशी चिकटला आणि आजही सुटलेला नाही. त्या शब्दामागे बरीच माणसं आणि बरीच वर्षं झाकली जातात.

पाण्यावर विमान उतरवण्याचे प्रकार आधीही झाले होते. 1970 मध्ये कॅरिबियन समुद्रात इंधन संपलेलं एक विमान उतरवलं गेलं. केबिनमध्ये सूचना देणारी यंत्रणा बंद होती, त्यामुळे विमान टेकलं तेव्हा काही प्रवासी उभेच होते. 63 पैकी 23 जण गेले.

डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतून राहिला. इंधन संपत आल्याचं सहकाऱ्यांना दिसत होतं, पण ते ठणकावून सांगायची रीत कॉकपिटमध्ये नव्हती. इंजिनं बंद पडून विमान कोसळलं आणि 10 जण दगावले. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण रुजलं ते या आणि अशाच अपघातांनंतर. कॅप्टनने विचारावं, कनिष्ठाने न घाबरता बोलावं, आणि कामं वाटून घ्यावीत, असा त्याचा गाभा.

हडसनच्या दिवशी हेच दिसलं. उड्डाणानंतर लगेच पक्षी धडकून दोन्ही इंजिनं निकामी झाली, तेव्हा विमान सहवैमानिकाच्या हातात होतं. त्याने या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण नुकतंच संपवलं होतं, म्हणून चेकलिस्ट (बिघाडात क्रमाने करायच्या कामांची यादी) त्याच्याकडे आणि विमान कॅप्टनकडे, अशी वाटणी झाली. ती चेकलिस्ट 20,000 फुटांच्या वर इंजिनं बंद पडतील असं धरून लिहिलेली, आणि विमान होतं 3,000 फुटांच्याही खाली. ती पूर्ण होणं शक्यच नव्हतं. सहायक वीजयंत्र कॅप्टनने यादीतल्या क्रमाची वाट न पाहता सुरू केलं. पाणी जवळ आलं तेव्हा त्याने सहकाऱ्याला विचारलं, ‘काही सुचतंय का?’ 1978 च्या कॉकपिटमध्ये हा प्रश्न सहज निघाला नसता.

सर्वात मोठा वाद परत फिरण्याचा. जिथून उड्डाण झालं ते ला गार्डिया विमानतळ मागेच होतं, मग नदी का? तपासात सिम्युलेटरवर वैमानिक बसवले गेले. पक्षी धडकताच लगेच वळलेली काही विमानं धावपट्टीला पोचली आणि ‘म्हणजे परत येता आलं असतं’ ही कुजबुज तिथूनच वाढली. पण त्या वैमानिकांना काय होणार हे आधीच माहीत होतं. खऱ्या कॉकपिटमध्ये काय बिघडलं हे ओळखायला आणि ठरवायला वेळ लागतो. त्यासाठी 35 सेकंद धरले तेव्हा विमान पोचलंच नाही, ते कोसळलं. शिवाय अर्ध्या वाटेत अंदाज चुकला असता तर खाली दाट वस्ती होती. नदीचा पर्यायच जीव वाचण्याची सर्वाधिक शक्यता देणारा होता, असं 2010 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं गेलं. तरी 2016 मध्ये आलेल्या चित्रपटाने तपास करणाऱ्यांना जवळपास खलनायक केलं आणि मिटलेला वाद पुन्हा लोकांच्या तोंडी आला. हा त्या तपासावर अन्यायच होता.

केबिनमधल्या तिघी मात्र या गोष्टीत नेहमी मागे राहतात. ‘आघातासाठी तयार राहा’ एवढंच त्यांना कळलं होतं. पाण्यात उतरतोय हे कोणी सांगितलं नव्हतं, तेवढा वेळही नव्हता. तरी तिघींनी एका सुरात ओरडून प्रवाशांना डोकं खाली ठेवायला लावलं. मागच्या बाजूला तळ फाटून पाणी आत येत होतं. तिथे असलेल्या सेविकेच्या पायाला खोल जखम झाली होती. त्या अवस्थेत तिने प्रवाशांना पुढच्या दारांकडे पिटाळलं. नदीतल्या प्रवासी फेरीबोटींपैकी पहिली बोट मदतीला चार मिनिटांच्या आसपास पोचली. नदीचं पाणी 5 अंश सेल्सिअस होतं, त्यामुळे तो वेळही या सुटकेत तितकाच मोलाचा.

आर्थिक मंदीने खचलेल्या देशाला तेव्हा चांगल्या बातमीची भूक होती आणि कॅप्टन रातोरात नायक झाला. तो मात्र पहिल्यापासून विमानातल्या पाचही कर्मचाऱ्यांचं नाव घेत राहिला. फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या समितीसमोर तो बोलला ते आपल्या शौर्याबद्दल नव्हे. पगार 40 टक्क्यांनी कमी झाला, निवृत्तिवेतन गेलं, आणि अनुभवी वैमानिक हा पेशा सोडताहेत, असं त्याने सांगितलं. त्या साक्षीला सुटकेच्या बातमीइतके मथळे मिळाले नाहीत.