साफ्त (औद्योगिक बॅटरी उद्योग)

साफ्त : रेल्वे, विमाने, संरक्षण, अवकाश आणि वीजसाठवण यांसाठी बॅटऱ्या बनवणारी फ्रेंच कंपनी. स्थापना १९१८, संस्थापक व्हिक्तोर हेरोल. ‘सोसिएते देझ अक्युम्युलातर फिक्स ए द त्राक्सियाँ’ या मूळ नावाची आद्याक्षरे जुळवून ‘साफ्त’ हे नाव झाले. त्याचा अर्थ ‘स्थिर व कर्षण संचायकांची कंपनी’. एका जागी बसून राहणाऱ्या बॅटऱ्या आणि गाडा ओढणाऱ्या बॅटऱ्या असे धंद्याचे दोन्ही पाय नावातच आले आहेत. २०१६पासून ती तोताल (आताचे नाव तोतालएनर्जीज) या फ्रेंच तेलसमूहाच्या मालकीची आहे.

दुकानात ग्राहक म्हणून गेलेल्या माणसाला हे नाव सहसा भेटत नाही. साफ्तची बॅटरी रेल्वेच्या डब्याखालच्या लोखंडी पेटीत, विमानाच्या पोटात, गॅसच्या मीटरमध्ये किंवा उपग्रहात असते. तिचे बहुतेक आयुष्य वाट पाहण्यात जाते. मुख्य वीज चालू आहे तोवर तिच्याकडे कोणी बघत नाही आणि वीज गेली की पुढची काही मिनिटे सगळी भिस्त तिच्यावर असते. या उद्योगात किमतीपेक्षा आणि वजनापेक्षाही ‘वीस वर्षांनी ती चालेल का’ हा प्रश्न आधी विचारला जातो. साफ्तचा इतिहास वाचायचा तो हा प्रश्न समोर ठेवूनच.

कंपनीची पहिली गिऱ्हाइके रेल्वेतली होती. स्थानकांवर सामान वाहणाऱ्या गाड्या तिच्या बॅटऱ्यांवर चालत, पुढे आगगाडीतल्या दिव्यांसाठीही त्या वापरात आल्या. रेल्वेशी जुळलेले हे नाते आजही टिकून आहे. विजेच्या गाडीचा वरच्या तारेशी संबंध तुटला की आणीबाणीचे दिवे, हवा खेळती ठेवणारे पंखे, दारे, उद्घोषणा आणि नियंत्रणयंत्रणा बॅटरीवर येतात. गाडी रात्रभर बंद उभी असेल तर सकाळी पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी टपावरची चौकट) वर उचलायला लागणारी पहिली वीजही बॅटरीचीच. पँटोग्राफ तारेला टेकेपर्यंत गाडीत दुसरी वीजच नसते.

या कामाला साफ्तने मुख्यतः निकेल-कॅडमियम रसायन वापरले. ते स्वीडिश संशोधक वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली शोधले. निकेल-लोह सेलवर युंगनर आणि एडिसन दोघेही त्याच काळात काम करत होते आणि पेटंटांवरून त्यांच्यात तंटाही झाला. युंगनर यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या स्वीडिश कंपनीला पुढे ‘निफे’ हे नाव मिळाले : निकेलचे ‘नि’ आणि लोहाच्या रासायनिक चिन्हाचे ‘फे’. ही कंपनी १९९१मध्ये साफ्तकडे आली आणि तिचा ओस्कार्सहाम्न येथील कारखाना साफ्तचा झाला. म्हणजे या रसायनाची वंशावळ आणि कंपनीची वंशावळ इथे एकत्र येतात.

निकेल-कॅडमियमच्या एका सेलचा विद्युतदाब १.२ व्होल्ट, तर शिशाच्या सेलचा २ व्होल्ट. तेवढ्याच दाबासाठी सेल जास्त लागतात, किंमतही जास्त पडते. तरी ती का घ्यायची? शिशाच्या बॅटरीत अॅसिड स्वतः रासायनिक क्रियेत खर्च होते, आतल्या जाळ्या गंजत जातात आणि एखादे दिवशी सेल काही न सांगता बसतो. निकेल-कॅडमियममधला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्राव जवळजवळ नुसता वाहकाचे काम करतो आणि आतल्या पोलादाला खात नाही. म्हणून ही बॅटरी म्हातारी होते ती हळूहळू. क्षमता दरवर्षी थोडी थोडी उतरते, ती मोजता येते आणि बदलायची वेळ आधी ठरवता येते. कडक थंडी आणि पूर्ण रिकामे होणेही ती सोसते. देखभाल करणाऱ्या माणसाला रात्री निवांत झोप देणारी बॅटरी हीच, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या गुणाची सर्वांत मोठी परीक्षा अलास्कातील फेअरबँक्स शहरात झाली. तिथे हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांखालीही उतरतो आणि वीज गेली की घरातले नळ गोठायला वेळ लागत नाही. राखीव जनित्रे सुरू होऊन भार उचलेपर्यंतची मधली मिनिटे भरून काढण्यासाठी २००३मध्ये तिथल्या वीज सहकारी संस्थेने एक बॅटरी बसवली. सेल साफ्तचे, बॅटरीची वीज जाळ्याला चालेल अशी बदलून देणारे परिवर्तक एबीबी या कंपनीचे. एकूण सेल १३,७६०, चार ओळींत मांडलेले. एका ओळीत ३,४४० सेल एकसर जोडलेले, म्हणजे ओळीचा दाब ४,००० व्होल्टांच्या वर. २७ मेगावॉट वीज १५ मिनिटे पुरवायची अशी तिची रचना. डिसेंबर २००३च्या चाचणीत तिने ४६ मेगावॉट पाच मिनिटे दिले आणि त्या वेळची ती जगातली सर्वांत शक्तिशाली बॅटरी ठरली. लिथियम बॅटऱ्यांनी भरलेल्या कंटेनरांची चलती व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

लिथियम-थायोनिल क्लोराइड हे साफ्तचे दुसरे महत्त्वाचे रसायन. हा सेल पुन्हा चार्ज होत नाही, पण साठवणीत अतिशय टिकाऊ असतो. कारण मोठे सुंदर आहे. लिथियमच्या पृष्ठभागावर लिथियम क्लोराइडची पातळ साय धरते आणि आतली क्रिया जवळजवळ थांबते. भार जोडला की दाब क्षणभर खाली जातो, साय फुटते आणि सेल जागा होतो. गॅस आणि पाण्याच्या मीटरमध्ये असे सेल वर्षानुवर्षे काम करतात.

हेच सेल ‘फिले’ या अवतरकात (धूमकेतूवर उतरवायच्या छोट्या यानात) होते. मार्च २००४मध्ये रोझेटा यानाबरोबर निघालेला फिले १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ६७पी या धूमकेतूवर उतरला, पण त्याला पृष्ठभागाशी जखडून ठेवणारे टोचे रुतले नाहीत. तो उसळी मारून एका कड्याच्या सावलीत जाऊन पडला. सौर पट्ट्यांना पुरेसे ऊन मिळेना. दहा वर्षे निजून राहिलेल्या ३२ सेलांच्या त्या प्राथमिक (पुन्हा चार्ज न होणाऱ्या) बॅटरीवरच पुढचे सुमारे साठ तास प्रयोग चालले आणि बॅटरी संपण्याआधी त्यांची माहिती पृथ्वीवर पोचली.

पाणतीरांतही (टॉर्पेडोंतही) वाट पाहण्याचीच परीक्षा असते. एमयू-९० या युरोपीय पाणतीरातील अॅल्युमिनियम-सिल्व्हर ऑक्साइड बॅटरी कोठारात कोरडी पडून असते. पाणतीर सोडल्यावर समुद्राचे पाणी आत शिरते, त्यातून द्राव तयार होतो आणि मग वीज सुरू होते. एफ-३५ लढाऊ विमानात साफ्तच्या लिथियम-आयन बॅटऱ्या आहेत. प्रवासी विमानांत लिथियम मात्र जपून आले. २०१३च्या आरंभी बोइंग ७८७मधील दुसऱ्या एका उत्पादकाच्या बॅटऱ्यांना आग लागण्याचे प्रकार घडले, तेव्हा एअरबसने ए-३५०साठी साफ्तकडून ठरवलेल्या लिथियम बॅटऱ्या बाजूला ठेवून निकेल-कॅडमियमचाच आधार घेतला. लिथियम त्या विमानात नंतर आले.

मालकी अनेकदा बदलली. दीर्घकाळ कंपनी फ्रान्सच्या सेजेई या विद्युत समूहात (पुढे अल्काटेल) होती. २००४मध्ये एका गुंतवणूक संस्थेकडे गेली, २००५मध्ये पॅरिसच्या शेअर बाजारात उतरली आणि २०१६मध्ये तोतालने सुमारे ९५ कोटी युरो मूल्य धरून ती घेतली. तेलाच्या कंपनीने बॅटरीवाली घ्यावी याचे तेव्हा नवल वाटले होते. पुढे डंकर्क बंदरात प्रत्येकी २.५ मेगावॉट-तासांचे २७ बॅटरी-कंटेनर मांडून ६१ मेगावॉटचे साठवण केंद्र उभे राहिले, तेव्हा त्या खरेदीमागचा हिशेब दिसू लागला. मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी २०२०मध्ये प्यूजो-सित्रोएन मोटारी बनवणाऱ्या पीएसए समूहाबरोबर ‘एसीसी’ (ऑटोमोटिव्ह सेल्स कंपनी) ही वेगळी कंपनी काढली गेली आणि २०२१मध्ये मर्सिडीझही तिच्यात आली.

निकेल-कॅडमियमवरचा खरा आक्षेप कॅडमियमचा आहे. तो विषारी धातू आहे. युरोपीय संघाच्या २००६च्या निर्देशाने हातात बाळगण्याच्या बॅटऱ्यांतून तो काही अपवाद ठेवून हद्दपार केला, औद्योगिक बॅटऱ्यांना मात्र गोळा करून परत घेण्याच्या अटीवर मुभा दिली. ओस्कार्सहाम्नला कारखान्याबरोबर पुनर्प्रक्रियेचीही सोय आहे. आयुष्य संपलेले सेल तिथे फोडले जातात, आतल्या कॅडमियमच्या पट्ट्या वेगळ्या काढून भट्टीत कॅडमियमची वाफ करतात, ती थंड करून धातू मिळवतात आणि तोच पुन्हा नव्या पट्ट्यांसाठी वापरतात.