जुन्या जीपमध्ये नवे इंजिन: प्रश्न पाण्याचा नाही, हवेचा

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ४५ किलोवॅटचे होते आणि तिचा रेडिएटर त्याच इंजिनाच्या मापाने घडवलेला होता. महिंद्राने १९४७ पासून भारतात विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातील जुन्या जीप सोलापुरातही हौसेने जपल्या जातात आणि मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले की त्यांत शंभरेक अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवण्याचा विचार पुढे येतो. (त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्राधिकरणाची मान्यता आधी घ्यावी.) माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसते ते आधार) आणि गिअरबॉक्स यांवर दिवसचे दिवस खल होतो, रेडिएटरची आठवण मात्र गाडी पहिल्यांदा उकळल्यावर होते.

इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेल्यातील बहुतेक पाण्यात उतरते. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाने पूर्ण जोर लावला, तर रेडिएटरला सुमारे ६० किलोवॅट उष्णता, म्हणजे घरातल्या दोन किलोवॅटच्या तीस गिझरांइतकी, सतत बाहेर टाकावी लागते. रेडिएटरमधून जाताना पाणी १० अंशांनी थंड व्हायचे असेल, तर सेकंदाला जेमतेम दीड लिटर पाणी फिरले तरी पुरते. तीच उष्णता घेऊन हवा ३० अंशांनी तापणार असेल, तर मात्र सेकंदाला सुमारे दोन घनमीटर हवा रेडिएटरच्या जाळीतून गेली पाहिजे. खरी अडचण या दुसऱ्या आकड्यात आहे.

त्यात आपल्या गावचा उन्हाळा. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुपारी हवा ३० अंश आणि पाणी ९० अंश धरले, तर फरक ६० अंशांचा असतो. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की हा फरक ४७ अंशांवर येतो. म्हणजे रेडिएटर तोच असूनही त्याची क्षमता एक पंचमांशाहून अधिक घटते. जानेवारीत घेतलेल्या चाचणीवर म्हणूनच विसंबू नये.

यावर दोन ओळींच्या नळ्यांऐवजी चार ओळींचा जाड कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्या-जाळीचा गाभा, बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने फायदा होतो, पण दुप्पट होत नाही, कारण मागच्या ओळींना पुढच्या ओळींनी तापवलेली हवाच मिळते आणि जाडी वाढल्यावर पंख्याला हवा ओढणेही जड जाते. जीपच्या पुढच्या जाळीमागे जितकी रुंदी-उंची मिळेल तितकी आधी वापरावी आणि जाडीचा विचार नंतर करावा.

याहूनही दुर्लक्षित भाग म्हणजे पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे पंख्याने संपूर्ण कोअरमधून हवा ओढावी म्हणून बसवलेले आवरण. इंजिन चालू असताना वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा कोअरच्या पुढच्या बाजूला धरून पाहावा. श्राउड नसेल, तर मध्यभागी कागद जाळीला घट्ट चिकटतो, पण कोपऱ्यांत नेला की सुटून खाली पडतो. म्हणजे विकत घेतलेल्या कोअरचा बराचसा भाग नुसताच उभा असतो. पत्र्याचा श्राउड चारही कडांना बंद बसवला आणि पात्यांची साधारण निम्मी रुंदी त्याच्या आत ठेवली, की कागद कोपऱ्यांतही चिकटू लागतो. नवे इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून पात्यांच्या टोकांभोवती इंचभर मोकळीक सोडावी. शेतातल्या काळ्या मातीत पहिल्या गिअरमध्ये रांगताना समोरून वारा लागत नाही; तिथे सगळी भिस्त या पंख्यावरच असते.

जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर दुरुस्त करून वापरायचा असेल, तर तो उघडून पाहावा. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांच्या आत पांढरा थर धरलेला असतो. तांब्याच्या तुलनेत हा क्षार उष्णता शंभरपटींहूनही अधिक कमी वाहतो, म्हणून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्यावे आणि पुढे डीमिनरलाइज्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच भरावे.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (पाणी तापले की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याची पद्धत मला चुकीची वाटते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला, तर ती वाट उघडीच राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. ‘पाणी फार वेगाने गेले तर थंड व्हायला वेळ मिळत नाही’, हा समजही खरा नाही, कारण तेच पाणी तितक्याच वेगाने पुन्हा परत येत असते.

काम पूर्ण झाल्यावर भर दुपारी तुळजापूरचा घाट चढून तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. गाडी हळू चालताना काटा चढत असेल आणि वेग घेताच उतरत असेल, तर पंखा किंवा श्राउड कमी पडतो आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही काटा चढतच राहिला, तर कोअर अपुरा किंवा तुंबलेला आहे, नाहीतर वॉटर पंप आणि होज पाइप तपासायला हवेत.