घडीचे पोलाद आणि मुशीतले पोलाद

चिनी तलवारीच्या पात्यावर लाटांची नक्षी दिसली की तिला सरसकट ‘दमास्कस’ म्हणण्याची सवय विक्रेत्यांपासून संग्राहकांपर्यंत सर्वांना जडली आहे, आणि त्यामुळे अगदी वेगळ्या रीतीने तयार होणारी दोन पोलादे एकाच नावाने खपतात.

घड्या घालून केलेले पोलाद वाचकांच्या परिचयाचे आहे. तापवून, ठोकून, दुमडून पुन्हा जोडायचे. दहा घड्यांत १,०२४ थर होतात. शानतुंग प्रांतात सापडलेल्या इ.स. ११२ च्या तलवारीवर शुद्धीकरणाच्या तीस संस्कारांचा उल्लेख आहे, इतकी ही परंपरा जुनी आहे.

खरी गल्लत होते ती नक्षीच्या उगमाबाबत. घडीच्या पोलादात कमी-अधिक कार्बनचे थर घणाखाली एकजीव झालेले असतात आणि आम्ल लावल्यावर ते वेगवेगळी छटा धरतात. पात्याला पीळ दिला की नक्षी बदलते, म्हणजे तिची रचना लोहाराच्या हातात असते. मुशीतल्या पोलादात असे जोडलेले थर नसतातच. लोखंड आणि कार्बन देणारे द्रव्य बंद मुशीत वितळवून सावकाश निववले की साधारण दीड टक्का कार्बनचा गोळा मिळतो, आणि तो बेताच्या आचेवर घडवताना लोह-कार्बाइडचे कठीण कण पट्ट्यांमध्ये गोळा होऊन नक्षी उमटते. आच वाढली तर हे कण विरघळतात आणि नक्षी पुसली जाते. म्हणून येथे लोहाराचे सारे कसब तापमान राखण्यात असते. दक्षिण भारत या पोलादासाठी प्रसिद्ध होता. चीनमध्ये पश्चिमेकडून येणारे ‘बिनथिए’ सामान्यतः याच जातीचे मानले जाते. त्साओ चाओ या चिनी लेखकाच्या १३८८ च्या ग्रंथात त्यावरील शंखाकृती वळणांचे, तिळासारख्या आणि हिमकणांसारख्या नक्षीचे वर्णन आहे. त्याची किंमत चांदीहून अधिक असून बनावट मालाची नक्षी काळी असते, असा इशाराही तेथे दिलेला आहे.

आजच्या तलवारींसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘टी१०’ या चिनी पोलादात टंगस्टन असते, हा विक्रीत केला जाणारा दावाही निखालस चुकीचा आहे; ते सुमारे एक टक्का कार्बनचे साधे हत्यारी पोलाद आहे.

थरांच्या संख्येची जाहिरात मला सर्वांत खटकते. जुन्या लोखंडातील मळी काढण्यासाठी आणि कार्बन सर्वत्र सारखा करण्यासाठी घड्या आवश्यक होत्या. कारखान्यातून येणारे आजचे पोलाद मुळातच स्वच्छ असते. त्याला घड्या घातल्याने शोभा वाढते, पण प्रत्येक जोड कच्चा राहण्याचा धोकाही वाढतो. प्रत्यक्ष वापरासाठी मी नीट पाणी दिलेले, बिनघडीचे साधे पातेच निवडेन.