सगळेच मॉर्मन हातगाडी ओढत गेले नाहीत

मॉर्मन या अमेरिकेतल्या धार्मिक पंथातल्या पूर्वजांची वाट पुन्हा चालणारे वंशज बहुधा हातगाडी ओढतात. त्यामुळे सगळेच पूर्वज तसे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटाला गेले, असा समज रुजला. तो चुकीचा आहे. १८४७ ते १८६९ दरम्यान ६० हजारांहून अधिक लोक गेले. हातगाड्यांचे तांडे फक्त १०, माणसं सुमारे ३ हजार. बाकीचे बहुतेक बैल जुंपलेल्या, कापडी छताच्या गाड्यांसोबत. (चालले मात्र तेही, गाडीत सामान असे.) हातगाडीची कल्पना निघाली पैशांच्या चणचणीतून. १८५६ मध्ये उशिरा निघालेले विली आणि मार्टिन यांचे तांडे वाटेतल्या वायोमिंगच्या बर्फात अडकले, २००हून अधिक माणसं दगावली. लक्षात राहिली ती हीच शोकांतिका. तेव्हा आपला पूर्वज हातगाडी ओढत आला म्हणण्याआधी वर्ष तपासा: शेवटचा हातगाडी तांडा १८६०चा, १८६२ मध्ये आलेला पणजोबा त्यात असूच शकत नाही.