‘फूट’ हा शब्द कायद्यातून गेला, त्यानंतर

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत एका अपक्षाला १ लाखाहून जास्त मतं पडली. त्याचं आडनाव भगरे, चिन्ह तुतारी. शरद पवार गटाचे उमेदवार भास्कर भगरे, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. यंत्रावर दोन भगरे आणि दोन तुताऱ्या. भास्कर भगरे सुमारे १ लाख १३ हजारांनी निवडून आले, म्हणून हा घोळ निकालाआड झाकला गेला. राष्ट्रवादीचं मूळ चिन्ह, घड्याळ, हातून गेलं नसतं तर तो झालाच नसता. आणि घड्याळ ज्या वाटेनं गेलं, ती वाट २००३ च्या एका घटनादुरुस्तीनं तयार करून ठेवली होती.

पक्षातली भांडणं नाशिकला नवी नाहीत. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथंच भरलं. अध्यक्ष होते पुरुषोत्तमदास टंडन. कृपलानींना हरवून ते निवडून आले होते आणि नेहरूंना ते नको होते. वर्षभरात कृपलानींनी वेगळा पक्ष काढला, टंडनांनी राजीनामा दिला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन पक्षात फाटाफूट झाली आणि ‘दुरुस्त’, ‘नादुरुस्त’ अशी नावं पडली. तेव्हा फुटलेल्या पक्षाचं चिन्ह कोणाकडे जाणार, हे ठरवण्याचा धड नियमच नव्हता.

तो नियम निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या चिन्ह आदेशानं आणला, परिच्छेद १५. वर्षभरातच काँग्रेस फुटली. बैलजोडीवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या काँग्रेसनं गाय-वासरावर लढवली. त्या सादिक अली खटल्यातून निघालेल्या कसोट्या आजही चालतात: पक्षाची ध्येयधोरणं, पक्षाची घटना आणि बहुमत. बहुमतात संघटना आणि विधिमंडळ, दोन्ही बाजू पाहायच्या.

१९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची आली, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’, अपात्रता नाही. हे गणित कसं चालायचं, ते १९९१ च्या डिसेंबरात दिसलं. १९९० ला शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते. त्याचा एक तृतीयांश १८. छगन भुजबळांनी तेवढ्या सह्यांचं पत्र विधानसभा अध्यक्षांना दिलं. सह्या करणाऱ्यांतले काही लगेच माघारी फिरले, तरी अध्यक्षांनी फूट मान्य केली आणि तो गट काँग्रेसमध्ये गेला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की भुजबळांनी धनुष्यबाण मागितला नाही. मागायची गरजच नव्हती. आमदारकी वाचली, काम झालं.

२००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं तिसरा परिच्छेद काढून टाकला. हेतू चांगला होता, घाऊक पक्षांतराला आळा घालणं. उरला तो चौथा परिच्छेद: दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण. म्हणजे आता फुटायचं तर दोनच रस्ते. स्वतःचं नाव पुसून दुसऱ्या पक्षात मिसळायचं, नाहीतर ‘आम्ही फुटलोच नाही, मूळ पक्ष आम्हीच’ असं म्हणायचं. दुसरा रस्ता धरला की भांडण आमदारकीपुरतं राहत नाही. नाव, चिन्ह, व्हीप (सभागृहात कसं मत द्यायचं याचा पक्षादेश), सगळंच पणाला लागतं.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंसोबत ५५ पैकी ४० आमदार गेले. दोन तृतीयांशाला ३७ पुरले असते. तरी विलीनीकरण नाही. नाशिक जिल्ह्यातून दादा भुसे आणि सुहास कांदे गेले, मागोमाग खासदार हेमंत गोडसे. १६ आमदारांना अपात्रतेची नोटीस काढणारे विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, दिंडोरीचेच. बंडखोरांनी झिरवाळांवरच अविश्वासाची नोटीस धाडली. तिला आधार होता २०१६ च्या नबाम रेबिया निकालाचा: स्वतःला हटवण्याची नोटीस प्रलंबित असेल तर पीठासीन अधिकाऱ्यानं अपात्रतेचा निर्णय देऊ नये. फुटीचा पहिला डाव आता हाच असतो, पंचालाच अडकवून ठेवणं.

मग निवडणूक आयोग. ठाकरे गटानं प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. शाखाशाखांतून, शंभराच्या स्टँप पेपरवर असोत की साध्या अर्जावर, कार्यकर्त्यांच्या सह्या गोळा झाल्या. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात त्या मोजल्या गेल्या नाहीत असंच म्हणावं लागेल. पक्षाची घटना लोकशाहीला धरून नाही म्हणून ती कसोटी बाद. संघटनेतलं बहुमत कोणाचं हे पटण्याजोगं ठरत नाही म्हणून तेही बाजूला. राहिले आमदार-खासदार. शिंदेंच्या ४० आमदारांना निवडणुकीत पडलेली मतं ५५ जणांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के भरली आणि धनुष्यबाण तिकडे गेला.

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं मात्र सांगितलं की प्रतोद, म्हणजे व्हीप काढणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. शिंदे गटाच्या प्रतोदाची नेमणूक बेकायदा ठरली. पण मूळ पक्ष कोणता हे ठरवायचं अध्यक्षांनी. १० जानेवारी २०२४ ला राहुल नार्वेकरांनी ते ठरवलं, आणि कळीचा मुद्दा कागदाचा निघाला. २०१८ ची सुधारित पक्षघटना आयोगाच्या दप्तरी नव्हती, म्हणून १९९९ ची धरली. वर्षानुवर्षं पक्षांतर्गत निवडणुका बिनविरोध उरकायच्या, ठराव दप्तरी पोचवायचे नाहीत, आणि एक दिवस त्याच दप्तराकडे न्याय मागायचा, असं हे झालं. राष्ट्रवादीत ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगानं तोच विधिमंडळ बहुमताचा गज लावला आणि घड्याळ अजित पवार गटाकडे गेलं.

खालच्या पातळीवर याचा अर्थ एका कागदात उतरतो: एबी फॉर्म. ‘ए’मध्ये उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला, त्याच्या सहीचा नमुना, ‘बी’मध्ये उमेदवाराचं नाव, सोबत पर्यायी उमेदवार. सही शाईची हवी, झेरॉक्स चालत नाही, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला पाहिजे. २९ ऑक्टोबर २०२४ ला शिंदे गटाचे असे दोन फॉर्म हवाईमार्गे नाशिकला आले, देवळाली आणि दिंडोरीसाठी. दोन्हीकडे मित्रपक्ष राष्ट्रवादीचे आमदार उभे होते. दिंडोरीत माघार झाली. देवळालीत पक्षानं हात काढून घेतला तरी नाव यंत्रावर राहिलं, कारण माघारीची मुदत टळली की पक्षाचं पत्र काही कामाचं नसतं.

महापालिकेचा हिशेब वेगळा. २०१२ ला १२२ पैकी ४० जागा जिंकून मनसेनं महापौर बसवला. २०१७ ला ५ उरल्या, भाजप ६६ वर गेला. नगरसेवकांना १९८६ चा स्वतंत्र अपात्रता कायदा आहे आणि गटनोंदणी नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे होते. पण मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला, नेमका शिवसेना फुटण्याच्या तीन महिने आधी. पुढची तीन वर्षं आणि वर काही महिने शहरात नगरसेवक नव्हतेच, होते ते ‘माजी’. माजीला व्हीप लागत नाही, अपात्र करायला पद नसतं. या काळातले प्रवेश सोहळे म्हणूनच कोणत्याही कायद्याच्या कचाट्यात आले नाहीत. प्रभागातला माणूस आज कुठे आहे, हे फलक बघून ठरवावं लागायचं.