पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही

‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. पानात पाण्याचे रेणू फुटून ऑक्सिजन सुटतो आणि त्याला उजेड लागतोच. रात्री पिंपळही आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण इतका थोडा, की पारावर झोपणाऱ्याला काहीही होत नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, पुण्यातही आणि ताडोबातही.

शहरातल्या झाडाचं देणं वेगळंच आहे, आणि ते फार मोठं आहे. मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावरून येऊन पारावर टेका. वर सावली, पानांतून सुटणारं बाष्प. अंगाची काहिली उतरते. हाताशी आलेल्या पानावरून बोट फिरवा. बोटाला काळी धूळ लागेल. तेवढी आपल्या छातीत गेली नाही.